कोळवंडीचं अळणी वरण

कोळवंडीच्या लग्नात जेवायला बसलात तर पहिला घास तोंडात घालायची घाई करू नका. वरण अळणी असतं. विसरून नव्हे, मुद्दाम. पंगत बसली की घरातली सगळ्यात थोरली बाई मिठाची वाटी घेऊन येते आणि पानापानाशी वाकून चिमूट-चिमूट वाढते. पाहुणे चक्रावतात. मग शेजारी बसलेले दाजिबातात्या मिशीतल्या मिशीत हसतात आणि धुरपदाबाईची गोष्ट सांगतात.

धुरपदाबाई म्हणे तरुणपणीच विधवा झालेली. चुलीपुढं उभी राहून तिनं तीन लेकरं वाढवली, नातवंडं खेळवली. म्हसू गुरवाची आई बाळंतपणात गेली, तर त्यालाही तिनंच पदराखाली घेऊन दूध पाजलं. गावातलं एकही लग्न तिच्या हातच्या वरणाशिवाय झालं नाही. नैवेद्य निघेपर्यंत अन्न चाखायचं नाही, अशी तिची शिस्त. सारा अंदाज हाताचा, आणि तो कधी चुकला नव्हता.

म्हातारपणी मात्र ती विसरू लागली. नातीला लेकीच्या नावानं हाक मारायची, चूल पेटवून पाण्याला निघून जायची. तरी नातीच्या, सत्यभामेच्या लग्नाचं वरण तिनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. वऱ्हाड मोठ्या घरचं, मानापानाला टपलेलं. पंगत बसली. त्या काळी इकडं पानात मीठ वेगळं वाढत नसत. नवऱ्या मुलाच्या बापानं पहिला घास घेतला आणि हात आखडला. शेजारच्यानंही आखडला. अळणी अन्न वाढून आपला अपमान केला, असं म्हणून वऱ्हाड उठलं असतं तर सत्यभामेचं लग्न तिथंच मोडलं असतं.

दाराशी उभ्या धुरपदाबाईला ते थांबलेले हात दिसले. काय चुकलं ते तिला कळलं.

तेवढ्यात पंगतीतून म्हसू गुरवाचा आवाज आला, "माय, मीठ आण की. पाव्हणे खोळंबलेत." मग तो वरबापाकडं वळून म्हणाला, "आमच्या गावची रीत हाय, पाव्हणं. मीठ घरची थोरली बाई सोताच्या हातानं वाढती. त्याबिगर सोयरीक पक्की होत न्हाई."

अशी रीत कोळवंडीत कुणी ऐकलेली नव्हती. पण सगळं गाव, असं सांगतात, हात आखडून मिठाची वाट पाहत बसलं. धुरपदाबाई वाटी घेऊन आली. वरबापानंही मान राखून मीठ घेतलं.

पुढच्याच महिन्यात गावात दुसरं लग्न निघालं. धुरपदाबाईची सून वरणात मीठ घालायला गेली, तर म्हातारीनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "गाव माझ्यापायी खोटं बोललंय. त्येला खोटं पडू द्यायचं न्हाई."

नंतर म्हणे ती लेकरांची नावंही विसरली, पण हे विसरली नाही.

आजही कोळवंडीत वरण अळणीच शिजतं. आजही मीठ थोरलीच वाढते. कधी तिचा हात थरथरतो, चिमटीऐवजी मूठ रिकामी होते, कधी एकाच पानात ती दोनदा वाढून जाते. कोळवंडीचा माणूस पुरे म्हणत नाही. तो वरण कालवतो आणि जेवतो.