सुतारपक्ष्याचा ठेका

सागाच्या रानात अजून नाचाच्या मैफली भरायच्या, त्या काळची ही गोष्ट.

मोर नाचायचा आणि सुतारपक्षी खोडावर चोच आपटून ठेका धरायचा. मोराचा डावा पाय फासात सापडून कधीचा अधू झालेला. तो टेकायची वेळ आली, की सुतार ठेका किंचित रोखून धरायचा. त्यामुळे मोर लंगडतो हे रानात कुणाला कळलंच नव्हतं.

एके दिवशी भर मैफलीत वानर उठला. "काय रे सुतारा, सारखा त्याच्या पायांकडे काय बघतोस? आम्ही काय दगड बसलोय इथं? आमच्याकडे तोंड कर, जरा मान उडव, जलद होऊ दे!"

"दादा, पाय बघितल्याशिवाय मला वाजवता येत नाही."

"मग राहू दे. तो वाळका बांबू वाऱ्यावर खडखडतोच आहे. नाचेल मोर त्याच्यावर."

मोर हळूच म्हणाला, "कर बाबा ते म्हणतात तसं. बांबूपेक्षा तू बरा."

सुतार प्रेक्षकांकडे तोंड करून आडव्या फांदीवर बसला. त्याने तुरा फुलवला, मान उडवली, चोचीचा नुसता भडिमार केला. ससे, सांबरं बेभान झाली. जन्मात पहिल्यांदा सगळे त्याच्याकडे बघत होते.

तेवढ्यात पाठीमागे धपकन आवाज झाला.

त्याने वळून पाहिलं. मोर पिसाऱ्यासकट मातीत पडला होता आणि डावा पाय उलटा दुमडला होता. सुताराची चोच थांबली.

"वा! काय गिरकी घेतली!" रान दणाणलं. "वन्स मोअर! वन्स मोअर!"

मोराने एकदा सुताराकडे पाहिलं आणि तो एका पायावर उठायला लागला.