उखळाकाठची पोथी

दक्षिण कोकणात घाट उतरून आले की पारवणे नावाचे गाव लागते. पोफळीच्या बागा, खाली भाताची खाचरे, वर दाट रान. या गावी भुईनाथ महाराज चाळीसहून अधिक वर्षे राहिले. त्यांचे मूळ नाव कुणालाच ठाऊक नव्हते. पाट नको, घोंगडी नको, जातील तिथे उघड्या भुईवर बसायचे, म्हणून लोक त्यांना भुईनाथ म्हणू लागले. आले तेव्हा काखेत तेवढी एक पोथी होती. त्यांच्या गुरूंनी स्वहस्ते लिहिलेली, चौदा अध्यायांची, ओवीबद्ध. महाराजांना स्वतःला मात्र अक्षरओळख नव्हती. सुरुवातीला पोथी ते उशाला घेऊन निजत, आणि ती दुसऱ्याकडून वाचून घेत.

वाचण्याचा मान दाजीभट पुराणिकांकडे आला. दाजीभट तेव्हा पंचविशीचे. वाणी स्वच्छ, गळा गोड, आणि दोन्हींची त्यांना पुरती जाणीव. चातुर्मासात रोज सकाळी पूजा आटोपली की महाराजांच्या मठाच्या ओसरीवर चौरंग मांडून ते वाचायला बसत आणि पान वाढले की पोथी तशीच उघडी ठेवून जेवायला उठत. महाराज दोनतीनदा म्हणाले होते, "बुवा, एखादी नक्कल करून ठेवा." दाजीभट 'हो हो' म्हणत. नक्कल झाली की उद्या दुसरा कुणी वाचायला बसेल, हे त्यांच्या मनात असे. ते त्यांनी स्वतःशीही कधी कबूल केले नाही.

मठाच्या मागच्या पडवीत जमिनीत पुरलेले एक उखळ होते. नैवेद्याचे भात तिथे कांडले जाई आणि ते काम शिद्दीवाडीकडे होते. या शिद्दींच्या वाडवडिलांना फिरंग्यांनी समुद्रापलीकडून गलबतात कोंबून आणले, विकले. त्यातले काही पळाले आणि या रानाच्या आसऱ्याला राहिले. पिढ्या गेल्या. बोली इथली झाली, देव इथले झाले, पण कातडीचा रंग आणि कुरळे केस लोकांनी विसरू दिले नाहीत. त्यांच्या हातचा तांदूळ देवाला चाले. त्यांची सावली ओसरीवर पडलेली चालत नसे.

भिकू शिद्द्याची पुतळी दहा वर्षांची असताना आईबरोबर कांडायला येऊ लागली. एके दिवशी वाचन संपल्यावर ती अंगणात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बुवांनू, माका अक्षरा शिकवशात?"

ओसरीवर दहापंधरा माणसे होती. दाजीभटांनी तिच्याकडे पाहिले आणि हसून म्हणाले, "कोळशावर शाई उठते का गं?"

सगळी ओसरी हसली. पुतळीही हसली, कारण सगळे हसत होते. मग तिला कळले आणि ती खाली पाहत मागे गेली.

खांबाशी भुईवर बसलेले महाराज हसले नाहीत. ते उठून पडवीत गेले आणि म्हणाले, "बाळ, हात कामात असू देत. कान इकडे असू दे." परत येऊन दाजीभटांना इतकेच म्हणाले, "बुवा, आज तुम्ही पोथीचं एक पान फाडलंत."

दाजीभट चपापले. त्यांनी पाने मोजली. दोनशे बारा. सगळी जागच्या जागी होती. 'महाराजांचं वय होत चाललं,' असे म्हणून त्यांनी पोथी रुमालात बांधली.

त्यावर चाळीस पावसाळे गेले.

त्या वर्षी कार्तिकात पोथी पेटीत ठेवली ती माघात गुरूंच्या पुण्यतिथीला काढली. दाजीभट आता पासष्टीचे. दुसऱ्या दिवशी सप्ताहाचे वाचन सुरू व्हायचे, गावोगावची माणसे यायला लागलेली. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि बोटे आत रुतली. वाळवीने पेटीचा तळ पोखरून वर येत पोथीची माती केली होती. वरची दोन पाने तेवढी शिल्लक होती, तीही चाळणीसारखी.

दाजीभट मातीत हात घालून बसून राहिले. गावचे मानकरी गावकर धावत आले. पेटीत डोकावून म्हणाले, "बुवा, तुम्ही चाळीस वर्सा वाचलास. तुमका पाठ असतलीच."

दाजीभटांनी डोळे मिटून आठवायला सुरुवात केली. पहिल्या अध्यायाच्या तीस ओव्या आल्या. मग दुसऱ्या अध्यायातली एक इथे घुसली, कुठल्या तरी आरतीची ओळ मध्येच आली, आणि ते थांबले. पोथी त्यांच्या डोळ्यांत होती, ओठांवर होती. पोटात उतरली नव्हती. ओसरीवर बसणाऱ्यांपैकी कुणाला चार ओव्या येत होत्या, कुणाला सहा.

"महाराज, गुरूंचं लेणं माझ्या हातून गेलं," दाजीभट म्हणाले.

महाराज ऐंशीच्या पुढचे, आवाज अगदी बारीक झालेला. म्हणाले, "मागं पडवीत जा. पुतळीला विचारा."

दाजीभटांना वाटले, आपण चुकीचे ऐकले. पण महाराज बोट पडवीकडे दाखवत होते.

पुतळी आता पन्नाशीची. केस पांढरे झालेले. भाताचे तूस उडून दोन्ही डोळ्यांत फुले पडली होती. समोरचा माणूस तिला नुसता सावलीसारखा दिसे. आवाजावरून तिने ओळखले आणि ती लगबगीने भिंतीला सरकली.

"पोथी तुला येते?" दाजीभटांनी विचारले.

"येता, बुवांनू. पण मुसळ हातात नसला तर नाय येणा."

ओसरीवर उखळ नेता येईना. ते जमिनीत पुरलेले. तेव्हा सगळा समुदाय उठून मागे आला. ज्यांनी कधी ती पडवी पाहिली नव्हती ते धोतर सावरून कोंड्यात बसले. गावकर शिंकले. दाजीभट कोरे कागद, दौत आणि बोरू घेऊन उखळापासून दोन हातांवर बसले. महाराज भुईवर टेकले, ते नेहमीसारखेच.

पुतळीने मुसळ उचलले. पहिला घाव पडला आणि त्याबरोबर पहिली ओवी आली. घावागणिक चरण, चार घावांना ओवी. ठेका दाजीभटांचाच, हेलही त्यांचाच. चरणाच्या शेवटी आवाज किंचित लांबवायची त्यांची लकबसुद्धा. दाजीभटांच्या अंगावर काटा आला. ते लिहू लागले.

दोन अध्याय झाले. तिसऱ्याच्या मध्यावर, तसाच ठेका न मोडता, ती म्हणाली, "ए काळे खापरे, मुसळ आवर. इथे देवाचं चाललंय." आणि पुढच्या घावाला पुढची ओवी सुरू केली.

बोरू थांबला. कुणी तरी खोकले.

"पुतळे," दाजीभट कसेबसे म्हणाले, "हे पोथीत नाही."

मुसळ थांबले. ती गोंधळली. "थंय असाच होता, बुवांनू. ओवी सरली काय तुम्ही असा म्हणत. ता वगळला तर पुढचा आठवत नाय माका."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर दाजीभटांना सोपे गेले असते. त्यांनी महाराजांकडे पाहिले.

"तिने जे ऐकलं ते लिहा, बुवा," महाराज म्हणाले.

दाजीभटांनी लिहिले. त्याच सुबक अक्षरात, त्याच शाईने. चौथ्या अध्यायात, 'ही काळी घूस पुन्हा आली का?' पाचव्यात, 'हिच्या घामाचा वास ओसरीपर्यंत येतो.' सहाव्यात लोकांचे हसणे होते. तिथे पुतळी गप्प राहून चार घाव रिकामे घालीत असे, मग पुढे जाई. हे आपण म्हटले होते, हे दाजीभटांना आठवतही नव्हते. म्हणणारा विसरतो. त्या रिकाम्या घावांना त्यांनी कागदावर तेवढी जागा कोरी सोडली.

सातवा अध्याय लागला तसे ते सावध झाले. या अध्यायात नऊ ओव्या होत्या, ज्या त्यांनी चाळीस वर्षांत एकदाही मोठ्याने वाचल्या नव्हत्या. पहिल्या वर्षीच नजरेखालून घालून ठरवले होते, की या गावात वाचण्यासारख्या नाहीत. दरवर्षी तिथे आले की ते पान बोटाने अलगद उलटत. त्या ओव्या जगात आहेत हे त्यांच्याखेरीज कुणालाही माहीत नव्हते. आज त्याही मातीत गेल्या होत्या. पुतळी आता त्या गाळून पुढे जाईल, असे समजून त्यांनी बोरू दौतीत बुडवला.

मुसळ वर गेले.

"भूमी काळी भूमी तांबडी । कोठे पांढरी कोठे कोरडी । बीजासी नाही आवडीनिवडी । अंकुर एकचि हिरवा ॥"

दाजीभटांच्या हातून बोरू गळला.

"ज्यासी ठेविले उंबऱ्याबाहेरी । तयाचे पायी मी उभा दारी । आत पूजिती मूर्ती गोजिरी । ती मजवीण रिकामी ॥"

नऊच्या नऊ ओव्या झाल्या. एक चरण इकडचा तिकडे नाही.

"पुतळे, हे तू कुणाकडून ऐकलंस?" त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

"म्हाराजांकडसून. तुम्ही जेवूक उठलास काय म्हाराज चौरंगाकडे येऊन बसत आणि तुमचा राहिलेला वाचीत. रोज. माका वाटला, तुमका म्हायत असतला."

दाजीभट सुन्न झाले. महाराजांना अक्षर येत नव्हते. आणि चाळीस वर्षे रोज त्या वेळी महाराज पंगतीत त्यांच्या डाव्या हाताला, भुईवर, जेवायला बसलेले असत. त्यांच्या पानात मीठ दाजीभटांनीच वाढले होते.

मग ओसरीवर कोण वाचीत होते? माउलीची करणी माउलीच जाणे.

दाजीभट उठले आणि महाराजांच्या पायांवर पडले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"मला नको, बुवा. माझंही चुकलंय," ते म्हणाले. "मला अक्षर नव्हतं, पण जीभ होती. त्या दिवशीच तुम्हाला सरळ सांगायला हवं होतं, की हिला शिकवा. तुम्हाला लागेल म्हणून आडून बोललो. तुमचं मन जपलं, ही उखळाशीच राहिली आणि हिचे डोळे गेले."

महाराजांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

दाजीभट पुतळीपुढे गेले. तिचा कोंड्याने माखलेला हात त्यांनी हातात घेतला, आयुष्यात प्रथमच, आणि बोरू तिच्या बोटांत ठेवला. "आज शिकवतो. आत्ता. श्री काढू आधी."

पुतळीने बोरू चाचपला. त्याचे टोक अंगठ्याने पाहिले, जसे मुसळाच्या टोकाचे लोखंडी वसू झिजले का ते पाहावे तसे. थोडा वेळ तिने तो धरून ठेवला. मग हळूच परत दिला.

"आता कशाक, बुवांनू? कागद खय आणि हात खय, ताच दिसत नाय. तुम्ही लिवा. सात अध्याय ऱ्हवलेत."

दाजीभट वाकले. तिने घाईने पाय पदराखाली ओढले, तेव्हा त्यांनी आपले कपाळ उखळाच्या कडेवर टेकले आणि तसेच राहिले. कपाळाला कोंडा लागला. तो त्यांनी पुसला नाही.

सप्ताह त्याच पडवीत झाला. पोथी पुरी उतरली तेव्हा दाजीभटांनी पाने मोजली. अवघी पोथी पुतळीच्या मुखातून आली होती, पण तिच्या हातचे अक्षर असलेले एकही पान त्यांत नव्हते. महाराजांनी सांगितलेले फाटलेले पान कोणते, ते त्यांना त्या दिवशी कळले.

पुढे ते पाट्या घेऊन शिद्दीवाडीत गेले. दोन मुली आल्या. बाकीच्यांच्या आया दारातच म्हणाल्या, "नको बुवांनू, हसशात." ते रोज जात राहिले.

आणि अखेरपर्यंत, वाचायला बसण्याआधी, दाजीभट मागच्या पडवीत जात, वाकून उखळाच्या कडेवर कपाळ टेकत आणि चार रिकामे घाव पडतील इतका वेळ तसेच राहत. मगच पोथी उघडत.