मार्तंडने रोवलेल्या काड्या

सावरटेंभे नावाच्या गावात एक भोळा नवरा राहत होता. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता, आणि तो आईसमोर उच्चारण्यासारखा नव्हता.

त्याचं नाव मार्तंड. मार्तंड म्हणजे सूर्य. पण या सूर्याचा उजेड कुठे पडल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. तो गावच्या वाचनालयात पुस्तकं मांडायचा. कोणीतरी त्याला एकदा सांगितलं होतं की जाड पुस्तक खाली ठेवावं आणि बारीक वर. तेव्हापासून वाचनालयात एकही पुस्तक शोधून सापडत नव्हतं. तक्रार मात्र कधी आली नाही, कारण शोधायला कोणी येत नव्हतं.

मार्तंडला काहीही सांगितलं की तो म्हणायचा, "बरं. लक्षात ठेवतो." आणि खरोखर ठेवायचा. तो विसराळू असता तर त्याच्या बायकोचे दिवस सुखात गेले असते.

बायकोचं नाव वैजयंता. ती घरी केक करायची, आणि चांगले करायची. त्या वर्षी मार्तंडच्या वडिलांचं, म्हणजे दादांचं, सहस्रचंद्रदर्शन आलं. ज्याने हजार पौर्णिमा पाहिल्या त्याला सगळ्यांनी मिळून ओवाळायचं, असा तो समारंभ. दादांना केक नको होता. त्यांना बेसनाचा लाडू हवा होता, कवळीला झेपेल असा मऊ. पण दादांना कोणी विचारलं नाही. सत्कार ज्याचा असतो त्याला विचारायची पद्धत आपल्याकडे नाही.

पुण्याहून थोरल्या जाऊबाईंचा, कांचनवहिनींचा फोन आला.

"वैजयंता, तीन मजली केक आपण इकडूनच घेऊन येऊ. फॉन्डंटचा. ते काही घरात करायचं काम नाही गं. पडतो तो."

"माझा नाही पडायचा."

"बघ बाई. चार पाहुण्यांसमोर पडला तर शोभा होईल. मी आपलं सांगायचं काम केलं."

"पडला ना वहिनी, तर पुन्हा केकच्या भांड्याला हात लावायची नाही मी."

रागात माणूस बोलून जातो. वैजयंता बोलून गेली, आणि कांचनवहिनींनी ते वाक्य जपून ठेवलं.

आता तळाचा केक एवढा मोठा होता की एकट्या बाईला उचलायचा नाही. म्हणून वैजयंताने नवऱ्याला मदतीला घेतलं. इथे तिचं चुकलं.

"केक भाजून झाला की नाही ते असं बघायचं," तिने दाखवलं. "बोटाने हलकेच दाबायचं. परत वर आला की झाला."

"बरं. लक्षात ठेवतो."

त्या दुपारी मार्तंडने गादी दाबून बघितली. वर आली. उशी दाबून बघितली. तीही झाली होती. त्याला समाधान वाटलं.

मग वैजयंताने फॉन्डंट मळला. फॉन्डंट म्हणजे साखरेची कणीक. पोळीसारखी लाटायची आणि केकवर चादरीसारखी पांघरायची. गोळा नवऱ्याच्या हाती देऊन ती म्हणाली, "हा उघडा ठेवायचा नाही. प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळायचा. वारा लागला की वाळतो, भेगा पडतात."

"बरं. लक्षात ठेवतो."

ती दुकानात जाऊन आली. तेवढ्यात ओव्हनची घंटा वाजली होती. मार्तंडने केक बाहेर काढला, दाबला, वर आला. वाफा निघत होत्या. त्याने तो तसाच प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळला. वारा म्हणून लागू दिला नाही. वैजयंता परत आली तेव्हा केक आतल्या आत घामाघूम होऊन चहात बुडवलेल्या पावासारखा झाला होता.

"अहो! हे काय केलंत?"

"भेगा पडू दिल्या नाहीत."

"गरम वस्तू कोणी अशी कोंडून ठेवतं का? गरम असेल तर उघडी ठेवायची, पंख्याखाली. थंड होऊ द्यायची."

"बरं. लक्षात ठेवतो."

तिने नव्याने केक भाजला. मग मिक्सरवर साखर दळली आणि पिठीसाखर परातीत काढून ठेवली. मार्तंडने परातीत बोट घातलं. मिक्सरमधून आलेली साखर कोमट लागली. कोमट म्हणजे थोडी का होईना, गरमच. त्याने परात पंख्याखाली नेली, उघडी ठेवली आणि पंखा पाचावर लावला.

साखर थंड झाली की नाही ते सांगता येत नाही, कारण परातीत उरलीच नाही. ती कपाटावर बसली, देवांच्या तसबिरींवर बसली, दादांच्या इस्त्रीच्या धोतरावर बसली आणि मार्तंडच्या भुवयांवर बसली. मार्तंड झाडू घेऊन आला. खाली बसलेली साखर पुन्हा वर गेली.

"झाडू नका!" वैजयंता ओरडली. "अशी पांढरी भुकटी दिसली की ओलं फडकं घ्यायचं आणि पुसून काढायचं! साधी गोष्ट आहे!"

"बरं. लक्षात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी तिने तळाच्या केकवर पांढरा फॉन्डंट पांघरला. एक सुरकुती नाही, एक बुडबुडा नाही. पाहत राहावं असं काम झालं होतं. लाटताना लावलेल्या कॉर्नफ्लॉवरची जराशी भुकटी तेवढी वर राहिली होती. ती ब्रशने झटकायला वैजयंता ब्रश शोधू लागली.

मार्तंडला भुकटी दिसली. ती पांढरी होती. त्याने ओलं फडकं घेतलं. चांगलं निथळतं ओलं.

पाण्यात साखरेचं जे होतं तेच झालं. वैजयंता ब्रश घेऊन आली, केककडे पाहिलं आणि तिथेच जमिनीवर बसली.

"पाणी लावलंत?"

"भुकटी होती."

"अहो, साखर आहे ती! आता हात लावू नका. बोटसुद्धा नाही. ओलं झालं ना, की पाणी लावायचं नाही, चोळायचं नाही, नुसतं राहू द्यायचं. आपोआप वाळतं."

"बरं. लक्षात ठेवतो."

केक वाळला. खड्डे पडले होते तिथे तिने साखरेची जाईची फुलं लावली. पुढे पाहुण्यांनी त्या फुलांचंच सगळ्यात जास्त कौतुक केलं. जाणकार पाहुणे होते.

त्याच दिवशी कांचनवहिनी आल्या. पैठणी नेसून आल्या. समारंभ उद्या होता, पण पैठणी दोन दिवस दिसायला हवी होती. मार्तंडने चहा आणला आणि त्यांच्या पदरावर सांडला. हा निव्वळ धांदरटपणा होता, त्यात शिकवण काही नव्हती. शिकवण पुढे आली. वहिनी पदर धुवायला मोरीकडे धावल्या, तर दारात मार्तंड हात पसरून उभा.

"भावजी, बाजूला व्हा!"

"पाणी लावायचं नाही, वहिनी."

"अहो, डाग बसेल!"

"बोटसुद्धा लावू नका. नुसतं राहू द्या. आपोआप वाळतं."

पदर आपोआप वाळला. काठावरच्या मोरांच्या मधोमध चांगला बशीएवढा डाग पडला. या एका वेळी वैजयंताने नवऱ्याला काही समजावलं नाही. उलट संध्याकाळी त्याला कांदाभजी तळून दिली.

"उद्या बघतेच तुझा केक," कांचनवहिनी एवढंच म्हणाल्या.

उजाडलं. थरावर थर चढवायची वेळ आली. वैजयंता बांबूच्या काड्या आणायला आत गेली. मार्तंडला वाटलं, यातलं आपल्याला कळतं. जाड खाली, बारीक वर. त्याने मधला केक उचलला आणि तळाच्या केकवर ठेवला. मधला केक हळूहळू खाली रुतू लागला. मार्तंड कौतुकाने पाहत राहिला.

वैजयंताने झडप घालून तो वरच्या वर उचलला.

"अहो, खालचं मऊ आहे ना! मऊ वस्तूवर वजन ठेवायचं तर आधी तिच्यात काड्या रोवायच्या. तिच्याच उंचीच्या कापायच्या. वरून दिसता कामा नयेत. मग वर खुशाल वजन ठेवा, रुतत नाही."

"बरं. लक्षात ठेवतो."

तिने खालच्या दोन्ही थरांत काड्या रोवल्या आणि थर चढवले. सगळ्यात वर साखरेचा चंद्र, आणि चंद्रावर बसलेले साखरेचे दादा. लाल पगडी, चष्मा, गुडघ्यावर हात. हुबेहूब. केक ताठ उभा राहिला. कांचनवहिनींनी भोवती दोन फेऱ्या मारल्या. खोट सापडली नाही. शेवटी म्हणाल्या, "गुलाबी रंग जरा जास्त झालाय." केकमध्ये गुलाबी रंग कुठेच नव्हता.

वैजयंताच्या जिवात जीव आला. आता नवरा केकपासून लांब राहिला की जिंकलो, असं तिला वाटलं. ती म्हणाली, "तुम्ही बाहेर जा. दादांची खुर्ची नीट ठेवलीय का बघा."

खुर्ची मंडपवाल्याकडून आणली होती. नवरानवरीची असते तसली, लाल मखमलीची. मार्तंडने बैठक बोटाने दाबली. परत वर आली. म्हणजे झाली होती. पण मऊ होती. फारच मऊ. आणि वर बसणार दादा. दादांना धपकन बसायची सवय. मार्तंडला काळजी वाटली. बाप रुतला तर?

उरलेल्या काड्या त्याने आणल्या. बैठकीच्या उंचीच्या कापल्या आणि मखमलीत रोवल्या. वरून एकही दिसत नव्हती. इतकं सुबक काम त्याच्या हातून पूर्वी झालं नव्हतं.

पाहुणे जमले. केक जपून बाहेरच्या खोलीत आणून टेबलावर ठेवला. सुवासिनी ताटं घेऊन उभ्या राहिल्या. दादांना दोघांनी धरून आणलं आणि दादा सवयीप्रमाणे धपकन बसले.

मखमल खाली गेली. काड्या गेल्या नाहीत.

कैक वर्षांत आधाराशिवाय न उठलेले दादा त्या क्षणी कोणाच्याही आधाराशिवाय उठले. नुसते उठले नाहीत, थोडा वेळ हवेत होते. कवळी कांचनवहिनींच्या ताटात पडली आणि दादा थोरल्या मुलाच्या गळ्यात. हजार चंद्र पाहून झाले होते, आता तारे पाहिले.

पण केक हलला नाही. वैजयंताने आधी केककडे पाहिलं आणि मग सासऱ्यांकडे. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

"कोण गाढव आहे तो?" दादा बिनदातांचे ओरडले.

मार्तंड पुढे झाला. "मी, दादा. खालचं मऊ होतं."

"अहो," वैजयंता दात ओठ खात म्हणाली, "वर माणूस बसणार असला तर खाली काड्या ठेवतं का कोणी? आधी उपटून टाका त्या! एकूण एक!"

"बरं. लक्षात ठेवतो."

काड्यांची टोकं त्याने सफाईने सपाट कापली होती, त्यामुळे दादांना इजा अशी झाली नाही. अब्रूची झाली ती झाली. सगळी मंडळी दादांना आतल्या खोलीत घेऊन गेली. कोणी बर्फ आणला, कोणी हळद आणली. तपासायला सगळ्यांनाच जायचं होतं.

बाहेरच्या खोलीत मार्तंड एकटा राहिला. त्याने खुर्चीतल्या काड्या उपटल्या. एकूण एक. मग त्याची नजर टेबलाकडे गेली. वर माणूस बसला होता. लाल पगडी घालून, गुडघ्यावर हात ठेवून, निर्धास्त. आणि खाली काड्या होत्या. त्या रोवताना मार्तंडने स्वतः पाहिलं होतं.

त्याच्या अंगावर काटा आला.

त्याने वरचा थर अलगद उतरवला. मधला उतरवला. वाचनालयातला हात होता, ओरखडा पडला नाही. मग पुन्हा थर चढवले. जाड खाली, बारीक वर.

तेवढ्यात मंडळी परत आली. दादांना साध्या लाकडी खुर्चीवर बसवलं. तीही त्यांनी आधी हाताने चाचपली. औक्षण झालं. कवळी धुऊन जागेवर बसली. वैजयंताने दादांच्या हाती सुरी दिली आणि कांचनवहिनींकडे एकच नजर टाकली. त्या नजरेत तीन दिवसांचे कष्ट होते.

दादांनी सुरी उचलली. तेवढ्यात चंद्र जरासा खाली आला.

मग आणखी खाली आला. वरचा थर मधल्यात उतरला, मधला तळाच्या थरात उतरला, जाईची फुलं भोवती टपटप गळाली, आणि साखरेचे दादा गुडघ्यावर हात ठेवून, खऱ्या दादांच्या डोळ्यांदेखत, पगडीसकट आत गेले.

"पडला," कांचनवहिनी म्हणाल्या.

वैजयंताचा चेहरा फॉन्डंटपेक्षा पांढरा झाला. मार्तंडला तिची दया आली. त्याने सदऱ्याच्या खिशातून चॉकलेट लागलेल्या काड्यांची मूठ काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"घाबरू नकोस, वैजू," तो म्हणाला. "आत एकही काडी नाही. दादांना कुठ्ठे टोचलं नसेल."