कळकेवाडीची रिकामी साखळी

कळकेवाडीच्या चावडीपुढे काळा धोंडा आहे. त्याला हातभर लोखंडी साखळी, आणि साखळीला काहीच नाही. येणारे विचारतात, इथे कुणाला बांधत होते? माणसाला नव्हे हो, कोयत्याला!

वरच्या गडावर एक किल्लेदार होता, असे सांगतात. भर सुगीत त्याने वाडीला वेठीला बोलावलं. वाडी म्हणाली, आधी नाचणी घरात येऊ दे. झालं, त्याचा पारा चढला! शिपायांनी घरोघरचे विळे, सुऱ्या, कोयते, पाटलांची तलवारसुद्धा आणून चावडीपुढे ढीग घातला.

"अख्ख्या वाडीला एकच पातं मिळेल, कुठलं ते तुम्ही निवडा, पण तेही या साखळीला," शिपाई म्हणाला. "कापणी जमली नाही, तर मुकाट वर या."

दाणा शेतातच झडला तर वर्षभर खायचं काय? पाटलांनी तलवारीला हात घातला. कुणी म्हणालं, विळा घ्या.

"एका विळ्यानं चाळीस घरांची कापणी? डोकी ठिकाणावर आहेत का?" ठकू सुईण कडाडली. निम्मी वाडी तिच्याच हातून जन्मलेली, तिला अडवणार कोण? तिने ढिगातून लाकडं फोडायचा आखूड, जाड कोयता ओढून काढला.

शिपाई खो खो हसला. "म्हातारे, यानं नाचणी कापणार?"

"टोपल्या विणीन म्हणते," ठकू म्हणाली. हे चुकलं, तर वाडी उपाशी मरणार होती.

पण तिने उभ्या जन्मात बाळाची नाळ कधी लोखंडाने कापली नव्हती. हिरव्या कळकाची, म्हणजे बांबूची, कामटी तासायची आणि तिच्या धारेने कापायची. ती धार तिच्या बोटांना ठाऊक होती. तिच्या सांगण्यावरून लोकांनी कुंपणाचे, मांडवाचे कळक उपसून आणले आणि शिपायांच्या डोळ्यांदेखत कोयत्याने चिरले. प्रत्येक बाईच्या ओच्यात दोन-दोन कामट्या गेल्या. चौथ्या दिवशी शेतात एक कणीस उरलं नव्हतं म्हणे.

किल्लेदार तणतणत खाली आला. "पाती कुणी दिली?"

ठकूने कामटी त्याच्या नाकासमोर धरली. "तुम्हीच सोडलेल्या कोयत्यानं केली, सरकार. आता तोही घेऊन जा. नाहीतर म्हणाल, माझ्या मेहेरबानीवर जगले. आणि वेठीला आम्ही येणार नाही."

पाटलांनी मान खाली घातली, मग वर केली आणि तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले. मागून सगळी वाडी उभी राहिली. प्रत्येकाच्या हातात कामटी. किल्लेदाराने कोयता सोडवून नेला, पण वेठीचं नाव पुन्हा काढलं नाही.

तुम्ही कधी आलात, तर खिशातला दहा पात्यांचा चाकू असू द्या तिथेच. आजही कळकेवाडीत नाचणीचं पहिलं कणीस वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई कामटीने कापते. मध्यंतरी कुणा हौशी माणसाने शोभेसाठी साखळीला नवा कोयता अडकवला होता. बायकांनी संध्याकाळच्या आत तो काढून त्याच्या हातात दिला. साखळी रिकामीच राहणार, म्हणाल्या.