अर्धं राहिलेलं शेवाळ

"पण माझ्या नावाशेजारी तिचं नाव का, बाई?"

 बाई टोपलीतलं ओलं समुद्रशेवाळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या.

किनाऱ्यावरच्या त्या लहानशा प्रयोगशाळेत श्रीपाद मोंडकर हा बाईंचा सगळ्यात जुना विद्यार्थी. ओहोटीला खडकांवर जाताना त्यांची टोपली इतकी वर्षं त्यानंच वाहिली होती. गेल्या पावसाळ्यानंतर ती नव्यानं आलेल्या निलोफर मुकादमच्या हातात दिसू लागली आणि श्रीपादच्या पोटात दुखायला लागलं. आता तर शोधनिबंधावरही तिचं नाव येणार होतं. तो तिला अगदी पाण्यात पाहत होता.

"निबंध विकरावर आहे," तो म्हणाला. "आणि विकर माझ्या जिवाणूचं. शेवाळातला चिवट गर कापून त्याची साखर करतं ते."

"हं."

"तिचा जिवाणू काय करतो? काही कापत नाही, काही बनवत नाही. माझा बिचारा अंगाबाहेर विकर सोडून सगळं कापून ठेवतो, आणि हा शेजारी बसून साखर खातो. आयत्या बिळावर नागोबा!"

"खातो खरा." बाई हसल्या. "चांगलं बाळसं धरलंय त्यानं."

ते हसणं श्रीपादला झोंबलं. त्याच्या जिवाणूला बाई असं लाडानं कधी काही बोलल्या नव्हत्या.

"मग तुझ्या जिवाणूला एकट्याला ठेवून पाहिलंस का?"

श्रीपाद उगाच टोपली सरळ करू लागला.

"कपाटामागची बरणी आण, श्रीपाद."

 निलोफरवाचून काही अडत नाही हे दाखवायला त्यानं एकटा आपलाच जिवाणू घालून ती गुपचूप लावली होती. आणि दाखवण्याजोगं काही झालं नाही म्हणून लपवली होती.

त्यानं बरणी आणून मेजावर ठेवली. आत शेवाळाचं पान अर्धं विरघळलेलं, अर्धं जसंच्या तसं. शेजारीच दोन्ही जिवाणूंची बरणी होती. तिच्यातलं पान केव्हाच संपलं होतं.

"थकला माझा," श्रीपाद पडल्या आवाजात म्हणाला. "विकर संपलं असेल त्याचं."

बाईंनी त्याच्या बरणीतलं थोडं पाणी वाटीत घेतलं. वरून समुद्राचं स्वच्छ पाणी ओतलं. टोपलीतलं एक पातळ पान निवडून आत सोडलं.

"बस."

दोघं बसून राहिले. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. बाहेर नळाशी निलोफर बरण्या विसळत होती, गुणगुणत होती. तिचं ते गुणगुणणंसुद्धा श्रीपादला सोसवत नव्हतं.

मग पानाची कड मऊ पडली. विरघळू लागली.

श्रीपाद वाटीवर वाकला.

"म्हणजे… विकर आहे!"

"आहे की."

"मग बरणीत का थांबलं?"

"मला काय विचारतोस? तूच शिकवतोस ना नव्या मुलांना?"

उत्तर त्याला ठाऊक होतं. दर वर्षी तो ते फळ्यावर लिहीत असे. 

"कापलेली साखर भोवती साचते…" तो सावकाश म्हणाला. "ती कुणी खाल्ली नाही, तर विकराचीच वाट अडते. साखर उचलली गेली, तरच ते पुढे कापतं…"

बाई पुन्हा शेवाळ निवडू लागल्या.

मत्सर काही गेला नव्हता. इतक्यात जातो थोडाच! तो तिथेच बसून होता.

"म्हणजे तिचं नाव घालायचंच म्हणता?"

बाईंनी ती अर्धी राहिलेली बरणी त्याच्यापुढे सरकवली.

"नावाचं राहू दे. तिला हाक मार, श्रीपाद. एवढी साखर नासून जाईल."