हवेचा मानकरी

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा! जेवू तरी द्याल की नाही? गाणारे-वाजवणारे म्हणे आता आपल्या गाण्याच्या मालकीच्या डिजिटल खुणा मोबाइलावर विकून पोट भरतात, आणि ते कसं, हे मी समजवायचं. मी दुसरीच्या पुढं शाळा बघितली नाही. मला यंत्र कळत नाही, माणसं कळतात. तेवढीच सांगतो. मधे बोलायचं नाही.

फार जुन्या काळी, पाखरं माणसासारखी बोलायची तेव्हा, एका राज्यात एक सनईवाला होता. नवी चाल बांधावी ती त्यानंच. लग्नात वाजवायचा, बिदागी घ्यायचा आणि वाट धरायचा. तो जायचा, चाल मात्र गावातच राहायची. बाया दळताना ती गुणगुणायच्या. दुसरे वाजंत्री ती वाजवून कमवायचे. ह्याला त्यातलं काही नाही. बिदागी म्हणजे निरोपाचे पैसे. निरोप एकदाच, पैसेही एकदाच.

पुढं वय झालं. छातीत दम उरला नाही, बोलावणी आटली. घरात विकण्याजोगी एकच वस्तू राहिली, ती सनई.

तेव्हा त्यानं डोकं चालवलं. गावच्या वडावर साळुंक्यांचा थवा होता. ऐकलेलं विसरायच्या नाहीत, खोटं बोलायच्या नाहीत. एकीला कळलं की राज्यातल्या सगळ्या साळुंक्यांना कळायचं. त्यानं वडाखाली पितळी वाटी ठेवली आणि गावाला म्हणाला, “माझी चाल कुणीही गा, कुणीही वाजवा. पण एका चालीचा मानकरी एकच. तो मान मी विकणार. मान कुणाचा, ते साळुंक्या रोज सकाळी सांगतील. पुढं मानकऱ्यानं मान दुसऱ्याला विकला, तर घेणाऱ्यानं किमतीचा दहावा हिस्सा माझ्यासाठी ह्या वाटीत टाकायचा. वाटी वाजली की मानकरी बदलला.”

गावचा सावकार पोट धरून हसला. “अरे, घेणाऱ्याच्या हातात काय पडणार? हवा विकतोस काय?”

“हवाच विकतो, सावकार. सनईत दुसरं काय असतं?”

कुणी पुढं येईना. शेवटी एक कुंभारीण आली. मडक्यांचे चार पैसे आले होते, ते तिनं त्याच्यापुढं ठेवले. “बाबा, तुमच्या ह्या चालीवर माझी लेक झोपते. ह्या चालीचा मान माझ्याकडं असू दे.”

सकाळी साळुंक्या ओरडल्या, “चाल सनईवाल्याची, मान कुंभारणीचा!” गाव हसलं. ती हसली नाही.

पुढं राजाच्या घरी लग्न निघालं. तिथं नेमकी तीच चाल वाजली आणि मांडव डोलायला लागला. राजानं विचारलं, “ह्या चालीचा मानकरी कोण?” साळुंक्यांनी सांगितलं. राजानं कुंभारणीला पहिल्या पंगतीला बसवलं. मागच्या पंगतीत सावकाराला घास गिळवेना.

संध्याकाळी तो तिच्या दारात. “बोल, काय घेशील?”

“थैलीभर मोहरा. आणि वाटीतला हिस्सा तुम्ही टाकायचा.”

“टाकतो गं, टाकतो.”

मोहरा दिल्या. पण म्हाताऱ्याला फुकट का द्या, म्हणून वडाकडं फिरकलाच नाही. सकाळी नवा फेटा बांधून ओट्यावर बसला. साळुंक्या ओरडल्या, “चाल सनईवाल्याची, मान कुंभारणीचा!”

सावकार धावत वडाखाली गेला. पायलीभर दाणे ओतले. त्यांनी दाणे खाल्ले आणि पुन्हा तेच ओरडल्या. एक म्हातारी साळुंकी म्हणाली, “सावकार, आम्हाला कशाला चारता? वाटीला चारा की!”

त्याच वेळी सनईवाला सनई फडक्यात गुंडाळून बाजाराला निघाला होता. विकायलाच. वडापुढं गेला आणि मागं वाटी खणखणली. एकदा नाही, मोहरांवर मोहरा पडत होत्या. वर साळुंक्या ओरडल्या, “चाल सनईवाल्याची, मान सावकाराचा!”

तो तिथंच बसला. फडकं सोडलं. होता तेवढ्या दमात नवी चाल वाजवली.

मग मान विकला जाईल तशी वाटी वाजत राहिली. त्याला कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. इतर वाजंत्र्यांनीही वाट्या ठेवल्या. ज्यांच्या चाली कानाला गोड, त्यांच्या भरल्या. नुसती वाटी ठेवून बसलेल्यांच्या वाटीत वडाची पानं पडली, हेही ऐकून ठेवा. पण त्या म्हाताऱ्याचं डोकं बघा! चाल कोंडली नाही, कुणाचं तोंड धरलं नाही, आणि आपला घास मिळवला.

बोध असा: कलावंताची कला जिथवर फिरते, तिथवर त्याचा वाटाही फिरला पाहिजे.

झाली गोष्ट. आता मधे बोलायचं नाही असं का म्हणालो, तेही सांगतो: मागल्या खेपेला ही ऐकता ऐकता मधेच उठला, वर चारचौघांत मला बडबड्या म्हणाला, आणि अजून ज्यानं माफी मागितली नाही, तो म्हणजे खालच्या आळीचा केरबा पाथरवट.