अर्धवट घर

गावच्या देवळाला अजून कळस चढला नव्हता, तेव्हाची गोष्ट. देवळाच्या भिंतीवर एक कुंभारीण माशी मातीचं इवलं घर बांधत होती. अंडं आत ठेवून घराचं तोंड लिंपलं, की मुंग्यांची भीती नसते.

रोज सकाळी खिडकीत एक टोळ येऊन ओरडायचा, "अगं, तळ्याकाठच्या मातीनं अर्ध्या वेळात घर उभं राहतं! जुन्या मातीवर मात्र ती बसत नाही हं." कुंभारीण कालचं बांधकाम पाडून तळ्याकडे उडायची. दुसऱ्या दिवशी टोळ वारुळाच्या मातीचं कौतुक करायचा, तिसऱ्या दिवशी वीटभट्टीच्या.

"मावशी, तुम्ही कुठली माती वापरता?" तिने शेजारच्या म्हाताऱ्या कुंभारणीला विचारलं.

"खालच्या डबक्यातली. तुझे पंख बघ गं, किती झिजलेत."

"थांबले तर मागे पडेन, असं टोळ म्हणतो."

"त्याचं स्वतःचं घर कुठंय?"

पण तोवर ती माती आणायला उडालीही होती.

अंडं घालायची वेळ आली, तेव्हा घर अर्धंच होतं. तिने त्यातच अंडं ठेवलं. तोंड लिंपायला माती आणायची, तर पंख उचलेनात. डोळ्यांदेखत मुंग्या आल्या. त्यांना हुसकावण्याचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

सकाळी ती रिकाम्या घराशी बसून होती. खिडकीतून टोळ ओरडला, "अगं, ऐकलंस का? अशी माती आजवर झालीच नाही!"

कुंभारणीने हळूहळू मान वर केली.

"कुठे मिळते?" तिने विचारलं.